खसखस आणि वॉरंट

सावरकरांमुळे आपल्याला माहीत असलेला इटलीचा मॅझिनी १८३७ पासून लंडनमध्ये आश्रयाला होता. पोस्टात आपली पत्रं फोडतात, असा त्याला संशय. म्हणून पाकिटात खसखस घालून पाहिली. पत्र पोचलं, सील शाबूत, खसखस गायब!

१८४४ मध्ये पार्लमेंटात गदारोळ झाला. वॉरंट गृहमंत्री जेम्स ग्रॅहॅम यांचं. लोक चिडून पाकिटावरच लिहू लागले, ‘याचं ग्रॅहॅम करू नये’. आता बघा, फोडणाऱ्यांनी सील बेमालूम बसवलं, पण वॉरंटाचे कागद सरकारी दप्तरात जपलेले होते. चौकशी समितीने तेच काढले आणि आधीच्या अनेक वर्षांची मोजदाद छापली. परदेशी टपाल फोडणारी गुप्त कचेरी त्याच वर्षी बंद झाली. वॉरंट काढण्याचा अधिकार मात्र गृहमंत्र्याकडेच राहिला.