व्हेनिस : प्रवाशांसाठी माहिती

इटलीच्या ईशान्येस एड्रिॲटिक समुद्रालगतच्या खारकच्छात, शंभरांहून अधिक लहान बेटांवर वसलेले शहर. व्हेनेतो विभागाची राजधानी. इटालियन नाव व्हेनेत्सिया. मुख्य भूमीशी ते 1846 मध्ये रेल्वेच्या आणि 1933 मध्ये मोटाररस्त्याच्या पुलाने जोडले गेले. बस व मोटारी प्यात्साले रोमा येथे थांबतात. त्यापुढे पायी किंवा बोटीने जायचे. सायकललाही मनाई आहे. रेल्वेने येताना मेस्त्रेला उतरू नये, ते मुख्य भूमीवरचे स्थानक होय. शेवटच्या सांता लुचीया स्थानकाबाहेर पडले, की पायऱ्यांखालीच ग्रँड कॅनॉल वाहताना दिसतो.

पत्ता शोधणे हे इथले सर्वांत अवघड काम. शहराचे सहा भाग आहेत, त्यांना सेस्तिएरे म्हणतात. घरांचे क्रमांक रस्त्यागणिक नसून संपूर्ण भागाला सलग दिलेले असल्याने कास्तेलो भागात ते सहा हजारांच्या पुढे जातात. त्यामुळे नुसता भाग आणि आकडा हाती असलेला माणूस तासभर भटकू शकतो. यजमानाकडून बोळाचे आणि जवळच्या धक्क्याचे नाव आधीच विचारून घ्यावे. बोळाला काल्ले, कालव्याकाठच्या वाटेला फोंदामेंता, घराखालून जाणाऱ्या वाटेला सोतोपोर्तेगो म्हणतात. चौक म्हणजे काम्पो. ‘प्यात्सा’ हा मान एकट्या सान मार्कोच्या चौकाला आहे. चारशेंहून अधिक पुलांपैकी बहुतेकांना पायऱ्या आहेत, म्हणून सामान जितके हलके तितके बरे.

व्हापोरेत्तो ही इथली सार्वजनिक बोट. साधे तिकीट 75 मिनिटे चालते आणि चढण्यापूर्वी ते यंत्राला लावावे लागते. दोन-तीन दिवस राहणाऱ्याला मुदतीचा पास परवडतो. क्रमांक 1 ची बोट ग्रँड कॅनॉलवर जवळजवळ प्रत्येक धक्क्याला थांबते. वेळ असेल तर तीच घ्यावी, कारण जुन्या वाड्यांची दर्शनी बाजू पाण्याकडे आहे. या कालव्यावर पूल चारच आहेत. मध्ये काही ठिकाणी त्रागेत्तो, म्हणजे गोंदोलाची तर, अगदी थोड्या पैशांत पलीकडे पोचवते.

भरतीचे पाणी शहरात शिरते त्याला आक्वा आल्ता म्हणतात. ते मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळात येते. 12 नोव्हेंबर 2019 रोजी पाणी 187 सेंमी.पर्यंत चढले होते. 2020 पासून समुद्राच्या तीन मुखांवरील मोसे हे तळातून वर उठणारे दरवाजे मोठी भरती अडवतात. तरी सान मार्को सखल असल्याने हिवाळ्यात पाण्याचा अंदाज पाहूनच निघावे.

पिण्याचे पाणी विकत घेण्याची गरज नाही. चौकाचौकांतल्या नळांचे पाणी उत्तम आहे. त्याच चौकांत दिसणाऱ्या दगडी विहिरी म्हणजे पावसाचे पाणी वाळूतून गाळून साठवणारी टाकी होत. 1884 मध्ये मुख्य भूमीवरून नळ येईपर्यंत शहराची तहान त्यांनीच भागवली.

2024 पासून वर्षातील ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेशशुल्क पडते. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ असले, तरी नोंदणी करावी लागते. एक रात्र तरी राहावेच. दुपारी पाय ठेवायला जागा नसलेला सान मार्को सकाळी सातला जवळपास मोकळा असतो. तिथल्या बॅसिलिकात खांदे व गुडघे झाकलेले हवेत. कबुतरांना दाणे घालण्यास आणि कालव्यात पोहण्यास बंदी आहे.

काचकामाचे मुरानो आणि लेसचे बुरानो या बेटांकडे फोंदामेंते नोव्हे येथून बोटी सुटतात. बुरानोला पाऊण तास लागतो, तेव्हा परतीची वेळ धक्क्यावरच पाहून ठेवावी.