एका मद्यपीनें दुसऱ्याचा केलेला शोध

इ. स. १९३५ च्या मे महिन्याची ११ तारीख. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत अॅक्रन नांवाचें शहर आहे. तेथील मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यांत एक गृहस्थ अस्वस्थपणें येरझारा घालीत होता. त्याचें नांव बिल विल्सन. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत एके काळीं त्यानें पुष्कळ पैसे मिळविले होते आणि दारूपायीं सारे घालविलेही होते. वारंवार रुग्णालयांत राहून आल्यावर डिसेंबर १९३४ पासून मात्र त्यानें दारूला स्पर्श केला नव्हता. ज्या व्यवहारासाठीं तो अॅक्रनला आला होता तो फिसकटला होता. शनिवारची संध्याकाळ होती. ओळखीचें कोणी नव्हतें. आणि मद्यगृह जवळच होतें. एक पेला घेतला तर कोणाला कळणार?

त्याच दिवाणखान्यांत टेलिफोन होता व शहरांतील चर्चांची यादी लाविलेली होती. विल्सननें मद्यगृहाकडे पाठ फिरविली आणि यादींतील एका धर्मोपदेशकाला टेलिफोन केला. त्याची मागणी मोठी चमत्कारिक होती. त्याला वैद्य नको होता, उपदेशही नको होता. बोलावयास त्याला दुसरा एक दारुडा हवा होता!

या मागणीला कारण होतें. न्यूयॉर्कमध्यें कित्येक महिने तो मद्यपी लोकांना सुधारण्याची खटपट करीत होता. त्यांपैकीं एकही सुधारला नाहीं. पण त्या खटपटींत तो स्वतः पिण्यापासून दूर राहिला होता.

धर्मोपदेशकानें कांहीं नांवें दिलीं. त्यांवरून विचारपूस करतां करतां हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत तो पोंचला. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर रॉबर्ट स्मिथ हे शस्त्रवैद्य दारूनें पार खचले होते. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांच वाजतां बाईंच्या घरीं दोघांची गांठ पडली. पंधरा मिनिटांपेक्षां अधिक बसावयाचें नाहीं, असें ठरवूनच डॉक्टर आले होते; ते उठले तेव्हां रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उपदेश त्यांनीं जन्मभर ऐकला होता. येथें समोरचा माणूस स्वतःची दुर्दशा सांगत होता आणि स्वतःच्या बचावासाठीं त्याला डॉक्टरांची गरज होती. पुढें डॉक्टर एकदां घसरले. १० जून १९३५ हा त्यांच्या पिण्याचा अखेरचा दिवस मानतात, आणि तोच 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे 'अनामिक मद्यपी', या मंडळाचा स्थापनादिन होय. मंडळाला हें नांव १९३९ सालच्या त्याच नांवाच्या पुस्तकावरून मिळालें.

ही युक्ति अगदींच नवी होती असें नाहीं. २ एप्रिल १८४० रोजीं बाल्टिमोर येथें एका गुत्त्यांत बसणाऱ्या सहा सोबत्यांनीं दारू सोडण्याची शपथ घेतली व वॉशिंग्टनच्या नांवानें एक मंडळी काढली. दर आठवड्याला जमावें आणि प्रत्येकानें आपला अनुभव सांगावा, एवढाच त्यांचा कार्यक्रम. हजारों लोक त्यांस येऊन मिळाले. २२ फेब्रुवारी १८४२ रोजीं स्प्रिंगफील्ड येथील त्यांच्या सभेंत तरुण अब्राहम लिंकन यानें भाषण केलें. परंतु थोड्याच वर्षांत चळवळ ओसरली. न पिणारेच तींत फार शिरले, दारूबंदीचा कायदा व राजकारण यांवरून वाद माजले, आणि मूळच्या साध्या बैठका मागें पडल्या.

विल्सनच्या मंडळानें यांतून धडा घेतला. १९४६ सालीं छापलेले व १९५० सालीं क्लीव्हलंडच्या परिषदेंत मान्य झालेले त्यांचे बारा संकेत यासाठींच आहेत. दारू सोडण्याची इच्छा हीच सभासदत्वाची अट, वर्गणी नाहीं, खर्च सभासदांनीं स्वखुषीनें द्यावयाचा, बाहेरच्या वादांत मंडळानें मत द्यावयाचें नाहीं, आणि वर्तमानपत्रांत कोणाचें नांव यावयाचें नाहीं.

तरी मंडळ सांपडावें कसें, हा प्रश्न उरतोच. १ मार्च १९४१ च्या एका मोठ्या साप्ताहिकांत जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला तेव्हां न्यूयॉर्कच्या लहानशा कचेरींत पत्रांचा पाऊस पडला. त्या वर्षाच्या आरंभीं सुमारें २,००० असलेली सभासदांची संख्या वर्षअखेर ८,००० च्या आसपास गेली. १९५७ सालीं मुंबईंत अशा सभा सुरू झाल्या. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति-केंद्र काढलें. अशा सभांपैकीं खुल्या सभेस कोणीही जाऊं शकतो. बंद सभा मद्यपींसाठींच असते. पहिल्या दिवशीं बोलण्याची सक्ति नसते; नुसतें ऐकत बसलें तरी चालतें. घरच्या माणसांसाठीं विल्सनची पत्नी लोइस हिनें १९५१ सालीं पुढाकार घेऊन निराळें मंडळ उभें केलें.

नवखा मनुष्य दाराशीं घुटमळतो, तो बहुधा लाजेनें. आपण या लोकांवर भार होऊं, असें त्याला वाटतें. अॅक्रनचा इतिहास याच्या उलट सांगतो. त्या सायंकाळीं ज्यानें टेलिफोन केला तोच मदत मागत होता, आणि ज्याचा शोध लागला तो त्याचें औषध ठरला. आंत बसलेल्या जुन्या मंडळींना नवा मनुष्य हवा असतो, तो याचसाठीं.