विद्यार्थ्यांचे उपग्रह

अनेक विद्यार्थ्यांनी मिळून करायच्या पदव्युत्तर प्रकल्पांत मोठी अडचण वेळेची असते. पदवी हाती पडते, प्रकल्प मात्र अर्धाच राहतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रा. रॉबर्ट ट्विग्ज यांनी १९९४ मध्ये उपग्रह प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा ही अडचण ठळकपणे पुढे आली. एम.एस.चे विद्यार्थी एक-दोन वर्षांत बाहेर पडत. पण ‘सफायर’ हा तेथील पहिला उपग्रह अवकाशात जायला २००१ उजाडले. तोवर काम एका तुकडीकडून दुसरीकडे जात राहिले.

दुसऱ्या उपग्रहाने, ‘ओपल’ने, वाट दाखवली. सफायरच्याही आधी, जानेवारी २००० मध्ये गेलेल्या ओपलच्या पोटात वेगवेगळ्या गटांनी बनवलेले सहा चिमुकले उपग्रह होते. काम लहान केले आणि जोडणीचे नियम आधी ठरवले, तर प्रत्येक गट स्वतंत्रपणे काम करू शकतो, हे ओपल बांधतानाच दिसले.

ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे प्रा. जॉर्डी पुइग-सुआरी यांनी १९९९ पासून याच विचाराने ‘क्यूबसॅट’चे मानक आखले : दहा सेंटिमीटर बाजूचा घन, वजन सुमारे एक किलो. आकार ठरवताना ट्विग्ज यांनी ‘बीनी बेबी’ ही कापडी खेळणी ठेवण्याचा प्लास्टिकचा डबा नमुन्याला घेतला होता. असे तीन घन एकामागे एक बसतील आणि स्प्रिंगने बाहेर ढकलले जातील, अशी पेटी कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी तयार केली. पेटीत असेपर्यंत उपग्रहाची वीज बंद ठेवणारा खटका सक्तीचा होता. प्रक्षेपण करणाऱ्यांचा संबंध पेटीपुरता राहिला; घनात काय बसवायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्कहून स्टॅनफर्डसह जपान, डेन्मार्क आणि कॅनडातील विद्यापीठांचे क्यूबसॅट एकाच रॉकेटने गेले.

भारतात बंगळूर व हैदराबादच्या महाविद्यालयांनी मिळून केलेला ‘स्टडसॅट’ जुलै २०१० मध्ये सुटला. महाराष्ट्रातून पुण्याच्या सीओईपीचा, सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ ला, तर मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ ला गेला. हौशी रेडिओचालकांचे संदेश पोचवणारा स्वयम् घनाच्या मापाचा होता. आयनांबरातील इलेक्ट्रॉन मोजणारा प्रथम मात्र सुमारे दहा किलोचा. प्रथमची सुरुवात २००७ मधली, म्हणजे बी.टेक.च्या दोन पिढ्या त्यात सरल्या. लहान आकाराने बांधणी सोपी झाली, तरी चाचण्या आणि प्रक्षेपणाची प्रतीक्षा टळली नाही. त्यामुळे दरवर्षी नवे विद्यार्थी घेणे, जुन्यांनी त्यांना तयार करणे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणे, हा अशा प्रकल्पांचा आवश्यक भाग ठरला.