आटे गेले तेव्हा

अलास्का एअरलाइन्सचं उड्डाण २६१. मेक्सिकोतल्या प्वेर्तो वायार्ताहून सॅन फ्रान्सिस्कोमार्गे सिअ‍ॅटल. ३१ जानेवारी २०००. वेळा पॅसिफिक प्रमाणवेळेच्या.

१९८७ ते १९९६
हे विमान एमडी-८३ प्रकारचं. या प्रकारात शेपटीवरचा आडवा पंख एका पोलादी जॅकस्क्रूने वर-खाली होतो. हा स्क्रू ॲल्युमिनियम-ब्राँझच्या नटातून फिरतो. नट मऊ असल्यामुळे झीज त्याचीच होणार, आणि ती थोपवायला दोघांमध्ये ग्रीसचा थर हवाच. कंपनी १९८७मध्ये दर ५०० उड्डाण-तासांनी ग्रीस भरायची. पुढे हे अंतर १,०००, १,२००, १,६०० तास असं वाढत गेलं. जुलै १९९६पासून ‘दर आठ महिन्यांनी’, म्हणजे साधारण २,५५० तासांनी. निर्मात्याची आधीची शिफारस होती ६०० ते ९०० तासांची.

सप्टेंबर १९९७
ओकलंडच्या हँगरमध्ये याच विमानाच्या स्क्रू आणि नट यांच्यातला प्ले (ढिलाई) मोजला. ०.०४० इंच, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. मर्यादाही तेवढीच. नट बदलायचं ठरलं. मग पुन्हा मोजलं, ०.०३३ भरलं, आणि बदल रद्द झाला. पुढची मोजणी मार्च २०००मध्ये होती.

सप्टेंबर १९९९
सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचं ग्रीसिंग. निपलमधून जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं दाबायचं, स्क्रूच्या आट्यांवर ब्रशने लावायचं आणि पंख वर-खाली चालवायचा, अशी पद्धत. नीट केलं तर सुमारे चार तासांचं काम. मेकॅनिकच्या सांगण्यानुसार ते तासाभरात झालं.

दुपारी १:३७
८३ प्रवासी आणि पाच कर्मचारी घेऊन विमान उडालं.

१:४९
सुमारे २३,००० फुटांवर ऑटोपायलट सुटला. शेपटीचा पंख अडकला होता. नटाचे बहुतेक आटे झिजून गेले होते. पायलट हाताने जोर लावत विमान ३१,००० फुटांवर घेऊन गेले.

३:५०च्या पुढे
रेडिओवर कंपनीशी चर्चा. सॅन फ्रान्सिस्कोऐवजी लॉस एंजेलिसला उतरायचा निर्णय.

४:०९
पायलटांनी पंख हलवणारी ट्रिमची मोटर पुन्हा चालवली आणि पंख एकदम सुटला. उरलेसुरले आटे उडाले, स्क्रू नटातून वर सरकला. विमान नाकावर गेलं आणि दीड मिनिटाच्या आत सुमारे ७,००० फूट खाली आलं. दोघा पायलटांनी जिवाच्या आकांताने ओढून ते सावरलं. आता पंखाचा सगळा भार स्क्रूच्या टोकाच्या अडसरावर आणि आतल्या नळीवर होता. हा भार पेलण्यासाठी ते भाग बनवलेलेच नव्हते.

४:१८
फ्लॅप उघडून विमान हातात राहतं का, हे समुद्रावर असतानाच पाहिलं. राहिलं.

४:१९:३६
प्रचंड आवाज. नळी तुटली. विमान उलटं झालं. पायलट उलट्या विमानालाही सावरू पाहत होते.

४:२१
अ‍ॅनाकापा बेटाजवळ विमान प्रशांत महासागरात कोसळलं. ८८ जणांपैकी कोणीही वाचलं नाही.

त्यानंतर
समुद्रतळातून काढलेल्या स्क्रूभोवती नटाचे आटे तारेच्या वेटोळ्यांसारखे गुंडाळलेले होते. नटातला ग्रीसचा मार्ग वाळलेल्या ग्रीसने बुजला होता आणि स्क्रूच्या कामाच्या भागावर वापरता येण्याजोगं ग्रीस सापडलं नाही. हजार तासांना ०.००१ इंच झीज अपेक्षित होती, ती झाली सुमारे बारापट. कंपनीने मधल्या काळात ग्रीसचा प्रकार बदलला होता. त्यामुळे झीज वाढली का, हा संशयही तपासला गेला, पण टिकला नाही.

अपघातानंतर ग्रीसिंगची कमाल मर्यादा ६५० तास ठरली. तपासाच्या डिसेंबर २००२च्या अंतिम अहवालात अपुऱ्या वंगणामुळे झालेली झीज हे कारण नोंदवलं गेलं. त्यामागच्या कारणांमध्ये या दोन गोष्टीही होत्या: कंपनीने वाढवत नेलेलं अंतर, आणि त्या वाढीला अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने दिलेली मंजुरी. कागदावर सगळं नियमात होतं. ग्रीसविना फिरणाऱ्या नटापर्यंत तो नियम पोचलाच नव्हता.