केव्हीएम ओव्हर आयपी

केव्हीएम ओव्हर आयपी हे दूर अंतरावरील संगणकाचे नेटवर्कमार्फत नियंत्रण करण्यासाठी वापरले जाणारे हार्डवेअर उपकरण आहे. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'केव्हीएम' हे नाव पडले. 'आयपी' म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टम बंद पडली असतानाही नियंत्रण शक्य होणे, हे या उपकरणाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

कार्यपद्धती

हे उपकरण संगणकाच्या व्हिडिओ व यूएसबी पोर्टना केबलने जोडतात. पडद्याकडे जाणारा चित्रसंकेत ते टिपते, त्याचे संक्षेपण करते व नेटवर्कवरून वापरकर्त्याकडे पाठवते. उलट दिशेने, वापरकर्त्याने दाबलेल्या कळा व माऊसच्या हालचाली ते यूएसबी कीबोर्ड-माऊसच्या रूपात संगणकाकडे पोहोचवते. व्हीएनसीसारखी सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टम सुरू झाल्यावरच चालतात. या उपकरणाद्वारे मात्र बायॉसमधील नोंदीही बदलता येतात. अनेक उपकरणांत दूरची डिस्क-फाइल यूएसबी डिस्कप्रमाणे जोडून नवी ऑपरेटिंग सिस्टम बसवण्याची सोय असते.

प्रकार

काही उपकरणे बाहेरून जोडली जातात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आधारित 'पायकेव्हीएम' हे त्यांपैकी मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरवर चालणारे उपकरण आहे. सर्व्हरमध्ये हीच सुविधा बहुधा मदरबोर्डवरील बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर (बीएमसी) या स्वतंत्र नियंत्रकाद्वारे मिळते. सर्व्हर बंद असला, तरी वीजजोडणी कायम असेपर्यंत बीएमसी जागा राहतो. एचपीईचा आयएलओ आणि डेलचा आयड्रॅक ही त्याची उदाहरणे होत. अशा नियंत्रकांसाठी इंटेल, डेल, एचपी व एनईसी यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे मानक प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये रेडफिश हे नवे मानक आले.

महत्त्व व मर्यादा

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्यतनामुळे विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. बिघाड विंडोज सुरू होतानाच होत असल्याने पुष्कळ ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन दुरुस्ती करावी लागली. अशा प्रसंगी केव्हीएम ओव्हर आयपी असलेल्या संगणकाची दुरुस्ती दुरूनही करता येते. मात्र उपकरणाकडे जाणारे नेटवर्कच तुटल्यास ते निरुपयोगी ठरते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सेवा खंडित झाली, तेव्हा मुख्य नेटवर्कबरोबर व्यवस्थापनासाठी राखलेला पर्यायी मार्गही बंद पडला आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले.

सुरक्षा

या उपकरणाचा ताबा मिळवणे म्हणजे जवळजवळ संगणकासमोर बसण्यासारखेच असते. ऑपरेटिंग सिस्टममधील सुरक्षा-सॉफ्टवेअरला असा शिरकाव सहसा दिसत नाही. २०१७ मध्ये आयएलओ ४ मध्ये पासवर्डविना प्रवेश देणारा दोष उघडकीस आला होता. त्यावर सुधारित फर्मवेअर देण्यात आले. म्हणून ही उपकरणे थेट इंटरनेटवर उघडी न ठेवता वेगळ्या, संरक्षित नेटवर्कवर ठेवणे, मूळ पासवर्ड बदलणे आणि फर्मवेअर अद्ययावत ठेवणे आवश्यक मानले जाते.