हाडांत लिहिलेला इतिहास

अमेरिकेतील गुलामगिरी म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिणेकडची कापसाची शेते येतात. न्यूयॉर्क येत नाही. परंतु या शहरात १६२६ पासून आफ्रिकन गुलाम राबत होते आणि तेथील गुलामगिरी संपली ती १८२७ साली. शहराला मात्र याचा जवळजवळ विसर पडला होता.

१९९१ साली मॅनहॅटनमध्ये एका ३४ मजली सरकारी इमारतीसाठी खोदकाम चालू असताना मानवी सांगाडे सापडू लागले. ती आफ्रिकन लोकांची अठराव्या शतकातील दफनभूमी होती. पुढे तिच्यावर भर घालून शहर वाढले आणि त्या मातीखालीच सांगाडे टिकून राहिले. घाईने चाललेल्या खोदकामाविरुद्ध कृष्णवर्णीय नागरिकांनी आंदोलन केले. १९९२ मध्ये काम थांबले. ४१९ जणांचे अवशेष हॉवर्ड विद्यापीठातील मायकेल ब्लेकी यांच्या गटाकडे अभ्यासासाठी आले.

येथे प्रश्नच बदलले. ‘यांचा वंश कोणता?’ एवढ्यावर न थांबता ‘ही माणसे कोठून आली, कशी जगली, गुलामगिरीला त्यांनी कसे तोंड दिले?’ हे विचारले गेले.

काही उत्तरे दातांत होती. दातांचे एनॅमल बालपणी तयार होते आणि नंतर बदलत नाही. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे प्रमाण त्या त्या भागातील खडकांनुसार वेगवेगळे असते. अन्नपाण्यातून ते दातांत उतरते. त्यावरून बालपण आफ्रिकेत गेले की न्यूयॉर्कमध्ये, याचा अंदाज बांधता येतो. एनॅमलवरील आडव्या खाचा लहानपणीची उपासमार किंवा आजारपण दाखवतात. स्नायू हाडांना जोडलेले असतात तेथील इजा अतोनात ओझ्याची साक्ष देतात. ४० टक्क्यांहून अधिक सांगाडे मुलांचे होते. एका स्त्रीचे पुढचे दात आफ्रिकन रिवाजाप्रमाणे घासून आकार दिलेले होते. कमरेला शंभराहून अधिक मणी होते. कोणीतरी तिला मायेने निरोप दिला होता.

ऑक्टोबर २००३ मध्ये घानात कोरलेल्या लाकडी पेट्यांतून या सर्वांचे तेथेच पुन्हा दफन झाले. २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरली.

मालकांच्या कागदांत ही माणसे मालमत्ता होती. विज्ञान त्यांची नावे परत आणू शकले नाही, पण त्यांचे जगणे वाचता आले. इतिहासाची साधने शिकवताना आपण विद्यार्थ्यांपुढे एवढा प्रश्न जरूर ठेवावा: ज्यांना लिहू दिले गेले नाही, त्यांचा इतिहास कोठे शोधायचा?