तलवारीची मूठ व हस्तत्राण

पाते हाती धरण्यासाठी त्याच्या बुडाशी बसविलेला भाग म्हणजे मूठ आणि पात्यावरून घसरत येणारा शत्रूचा वार अडवून बोटांचे रक्षण करणारा तिचा भाग म्हणजे हस्तत्राण. मुठीपासून वळून बोटांवरून गेलेल्या संरक्षक पट्टीस परज म्हणतात.

महाराष्ट्रात मुठीच्या घडणीवर सागरी व्यापाराचा परिणाम झाला. कोकण किनाऱ्याचा हा व्यापार प्राचीन आहे. विजयदुर्गच्या खाडीवरील खारेपाटण (जि. सिंधुदुर्ग) येथे मिळालेल्या शिलाहार रट्टराजाच्या ताम्रपटात (शके ९३०, इ. स. १००८) परदेशांहून येणाऱ्या जहाजांवरील सुवर्णकराचा उल्लेख आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरून यूरोपीय पाती दख्खनमध्ये येऊ लागली. अशा पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ हे नाव पडले. पाते परदेशी असले, तरी मूठ मात्र येथील कारागीर घडवीत.

मुठीचे प्रमुख प्रकार तीन. पहिल्या प्रकारात आडव्या दांडीची टोके फुगीर असून वर तबकडी असते. परज कधी असते, कधी नसते. खांड्याच्या व फिरंगेच्या मुठीस रुंद पत्र्याचे हस्तत्राण, आत कापडाची गादी आणि वर दांड्यासारखे टोक असते. दोन्ही हातांनी वार करताना त्या टोकाचा आधार मिळे. दांडपट्ट्यात सर्व कोपरापर्यंतचा हात लोखंडी नळीने झाकला जातो व आतील आडवी दांडी मुठीत धरली जाते. म्हणून मनगट वाकविता येत नाही आणि वार संपूर्ण बाहूने करावा लागतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा दर्जा दिला.

उष्णता संस्करणाच्या दृष्टीने पाते व हस्तत्राण यांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. धार टिकण्यासाठी पाते कठीण हवे. म्हणून पोलाद तापवून त्यास पाणी देतात व पुढे मंद उष्णतेने त्याचा ठिसूळपणा कमी करतात. हस्तत्राणाला धार नसते. आघाताने ते वाकले तरी चालते, पण तडकले तर बोटे जातात. त्यामुळे ते कार्बनाचे प्रमाण अत्यल्प असलेल्या मऊ लोखंडाचे करीत; असे लोखंड पाणी देऊनही फारसे कठीण होत नाही. थंड स्थितीत ठोकल्याने ते ताठर झाले, तर लाल होईपर्यंत तापवून सावकाश निववितात. पितळही ठोकल्याने ताठर होते. परंतु तापविल्यावर ते पाण्यात बुडविले तरी मऊच राहते.

खरी अडचण जोडकामात येते. पितळाने झाळकाम करण्यास सु. ९००° से. उष्णता लागते, ती पात्याला लागल्यास त्याचे पाणी उतरते. म्हणून मुठीचे दोन पोकळ अर्धभाग आधी जोडून घेत व नंतर पात्याचे आखूड शेपूट गरम लाखेने आत पक्के करीत. लाख तुलनेने अल्प उष्णतेत मऊ होत असल्याने पात्याचा कठीणपणा अबाधित राहतो. खांडा व दांडपट्टा यांत मुठीच्या पट्ट्या पात्याला रिव्हेटांनी जोडीत.

या पद्धतीमुळे जुने पाते नव्या मुठीत बसविणे सोपे झाले. साहजिकच मूठ व पाते यांचा काळ आणि देश पुष्कळदा भिन्न असतो. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५ मध्ये ब्रिटिश युवराजास भेट दिलेल्या तलवारीचे पातेही यूरोपीय आहे. केवळ मुठीवरून, किंवा केवळ पात्यावरील चिन्हावरून, शस्त्राचा इतिहास ठरविणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

१८७८ च्या शस्त्र अधिनियमाने हत्यारे बाळगण्यावर परवान्याचे निर्बंध आले आणि मुठी घडविणाऱ्यांच्या व्यवसायाचा आधार आणखी खचला. कोकणातील लोहाराच्या भट्टीत कोयता व विळा यांची घडण चालू राहिली. कोयत्याला हस्तत्राण नसते; लाकडी मूठ फुटू नये म्हणून तिच्या तोंडाशी लोखंडी कडे बसवितात. पात्यास पाणी देण्याची विद्या अशा रीतीने शेतीच्या अवजारांत टिकली. मुठीची कला मात्र मुख्यतः संग्रहालयांतील नमुन्यांवरूनच अभ्यासावी लागते.